यूजीसी-डीएई सीएसआर : यंत्र फुकट मिळतं, पण तिथवर जायचं भाडं?

मी धुळे जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. माझं काम फेराइट्सवर, म्हणजे लोहाच्या चुंबकीय ऑक्साइडांवर, आहे आणि माझ्याकडे पीएच.डी. करणारी मुलं बहुतेक शेतकरी घरातली आहेत. हे आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यांच्या खिशाच्या बाजूने लिहिलेलं आहे.

यूजीसी-डीएई कन्सोर्शियम फॉर सायंटिफिक रिसर्च, म्हणजे आम्ही सगळे जिला नुसतं सीएसआर म्हणतो ती संस्था, विद्यापीठांतल्या आणि कॉलेजांतल्या संशोधकांना अणुऊर्जा विभागाच्या (डीएईच्या) प्रयोगशाळांत काम करण्याची वाट करून देते. त्यासोबत जाण्यायेण्याचं भाडं आणि राहण्याची सोयही पाहते. तिथल्या यंत्रांबद्दल शोधनिबंधांत रकानेच्या रकाने वाचायला मिळतात. भाड्याबद्दल कोणी लिहीत नाही. आमच्याकडच्या कितीतरी प्राध्यापकांना असं काही मिळतं हेच ठाऊक नाही, म्हणून लिहायला बसले. माझं मत सुरुवातीलाच देऊन टाकते: सोय खरी आहे, कामाची आहे, जरूर अर्ज करा. पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते पुढे येईलच.

थोडी पार्श्वभूमी. मोठी, महागडी यंत्रं प्रत्येक विद्यापीठात बसवणं कुणालाच परवडणारं नाही. म्हणून १९८४ साली यूजीसीच्या कायद्यात १२ (सीसीसी) हे कलम आलं आणि आंतरविद्यापीठ केंद्रांचा रस्ता मोकळा झाला. दिल्लीचं न्यूक्लिअर सायन्स सेंटर, आताचं इंटर-युनिव्हर्सिटी अ‍ॅक्सिलरेटर सेंटर, हे त्यातलं पहिलं. १९९०च्या सुमारास सीएसआरही सुरू झालं, तेव्हा नाव होतं इंटर-युनिव्हर्सिटी कन्सोर्शियम फॉर डीएई फॅसिलिटीज. मुख्यालय इंदूरला, देवी अहिल्या विद्यापीठाच्या खंडवा रोडवरच्या परिसरात. मुंबई, कोलकाता आणि कल्पक्कम इथे केंद्रं. मुंबईचं केंद्र भाभा अणुसंशोधन केंद्राच्या आवारात आहे. म्हणजे महाराष्ट्रातल्या माणसाला एक केंद्र घरातच आणि दुसरं शेजारच्या राज्यात.

आता आम्हाला एवढ्या लांब जावं का लागतं, ते सांगते. कोबाल्ट फेराइटमध्ये लोह आणि कोबाल्ट असतं. त्यात मँगनीज मिसळलं की प्रश्न येतो: मँगनीजचा अणू स्फटिकात नेमका कुठे जाऊन बसला? ए साइटवर की बी साइटवर, म्हणजे धातूच्या अणूंसाठी असलेल्या दोन प्रकारच्या जागांपैकी कोणत्या? पदार्थाचं चुंबकत्व सगळं त्यावर ठरतं. आमच्या विद्यापीठातलं एक्स-रे डिफ्रॅक्टोमीटर हे सांगू शकत नाही. एक्स-रेला दिसतात इलेक्ट्रॉन, आणि मँगनीजचे २५, लोहाचे २६, कोबाल्टचे २७. फरक इतका बारीक की तिघं एकसारखेच दिसतात. न्यूट्रॉनचं तसं नाही. न्यूट्रॉन अणुकेंद्रकावरून विखुरतो आणि त्याची विखुरण-लांबी, म्हणजे विखुरण किती जोराचं त्याचं माप, लोहासाठी ९.४५ फर्मी, कोबाल्टसाठी २.४९, तर मँगनीजसाठी उणे ३.७३. उणे! तिघं तीन दिशांना उभे राहिल्यासारखे वेगळे होतात. शिवाय न्यूट्रॉनला स्वतःचं चुंबकीय आघूर्ण असल्याने ए साइट आणि बी साइटवरची चुंबकीय मांडणीही वेगवेगळी मोजता येते. भारतात हे करायची मुख्य जागा म्हणजे तुर्भ्याच्या (ट्रॉम्बेच्या) भाभा अणुसंशोधन केंद्रातली ध्रुव अणुभट्टी. १०० मेगावॅटची ही भट्टी ८ ऑगस्ट १९८५ला पहिल्यांदा क्रांतिक झाली, म्हणजे तिच्यातली साखळी-अभिक्रिया आपोआप चालू राहू लागली. तिथलं पीडी-३ हे न्यूट्रॉन पावडर डिफ्रॅक्टोमीटर सीएसआरच्या मुंबई केंद्राचं आहे आणि विद्यापीठातल्या लोकांसाठीच चालतं.

इंदूरला दुसरी गोष्ट. राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात, म्हणजे आरआरकॅटमध्ये, इंडस-१ आणि इंडस-२ हे दोन सिंक्रोट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉन वेगाने फिरवून प्रखर किरण देणारी यंत्रं, आहेत. इंडस-२ मोठा: २.५ जीईव्ही ऊर्जा, परीघ १७२.५ मीटर. बीम (किरणांचा झोत) असला की रात्रंदिवस शिफ्टा चालतात. स्वतः सीएसआरमध्ये लोहाच्या अणूची अवस्था सांगणारं मॉसबाउर यंत्र आहे, अतिशीत तापमानाला चुंबकत्व मोजायची यंत्रं आहेत. फेराइटवाल्याला जे जे हवं ते सगळं एका शहरात.

हे सगळं शैक्षणिक संशोधनासाठी विनामूल्य. पण विनामूल्य म्हणजे कुणाला विनामूल्य? चेंबूरला राहणाऱ्या मुलाला ध्रुव विनामूल्य आहे, कारण तो सकाळी बसने जाऊन संध्याकाळी घरी येईल. आमच्या मुलीला आधी धुळे गाठायचं, मग आग्रा रोडने शिरपूर, पळासनेर, बिजासन घाट, सेंधवा, जुलवानिया, मानपूर, महू असं करत इंदूर. धुळे-इंदूर रेल्वे नाही. मग तिथे राहायचं, दोन वेळचं जेवायचं आणि बीम उशिरा आला तर एक रात्र वाढवायची. ज्यांना सारथी, बार्टी किंवा महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांची फेलोशिप आहे त्यांचं निभतं. ज्यांना काहीच नाही, जी मुलं सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, तास घेऊन पीएच.डी. करतात, त्यांचा महिन्याचा मेसखर्च अशा एका फेरीत जातो. लॉज, रिक्षा धरली तर जास्तच. त्यांना ‘यंत्र फुकट आहे, जाऊन ये’ म्हणणं म्हणजे काहीच न म्हणणं. यंत्रावर कोट्यवधी खर्च झालेले असतात आणि ते एका मुलीच्या उपयोगाला यायला काही हजार रुपये कमी पडतात. सीएसआरच्या योजनेतली मला सगळ्यात शहाणपणाची वाटणारी गोष्ट हीच: ती हे शेवटचे काही हजार मोजते.

आमचा इंदूरचा अनुभव सविस्तर सांगते. इंडस-२च्या बीमलाइन ९वर (बीमलाइन म्हणजे किरणांचा झोत जिथे सॅम्पलवर सोडतात ती जागा) एक्झाफ्स करायचं होतं. लोहाच्या के-एजला, म्हणजे लोहाचं एक्स-रे शोषण जिथे एकदम उडी घेतं त्या ७११२ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास, ऊर्जा पुढे सरकवत जायची आणि पदार्थ किती एक्स-रे शोषतो ते पाहायचं. त्या वक्रातल्या बारीक लाटांवरून लोहाच्या अणूभोवती शेजारी कोण आणि किती अंतरावर हे निघतं. पण त्याआधी गोळी बनवावी लागते. पावडर बोरॉन नायट्राइडमध्ये किंवा सेल्युलोजमध्ये मिसळायची, खलात घोटायची आणि प्रेसमध्ये दाबायची. किती मिलिग्राम घ्यायचं याचं गणित असतं. जास्त झालं तर किरण पार जात नाहीत, कमी झालं तर उडी दिसत नाही. पावडरीत एक जरी जाड कण राहिला तरी वक्र बिघडतो. माझ्या विद्यार्थिनीने कॉलेजातून गोळ्या करून नेल्या होत्या. तिथल्या शास्त्रज्ञांनी एक गोळी दिव्यासमोर धरून तिला दाखवली: कडेला गडद, मध्ये फिकट. मग शेजारच्या खोलीत बसून तिच्याकडून परत घोटून घेतली, पुन्हा प्रेस केली. ती आता आमच्या लॅबमध्ये एम.एस्सी.च्या मुलांना तसंच दिव्यासमोर धरून दाखवते. हे कुठल्याही पेपरच्या प्रायोगिक विभागात लिहिलेलं नसतं. त्यासाठी तिथे जाऊन उभं राहावं लागतं.

राहण्याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण भाड्यापेक्षाही ही सोय मला महत्त्वाची वाटते. आमच्याकडच्या मुलींच्या घरी ‘इंदूरला चार-पाच दिवस जायचं आहे’ म्हटलं की पहिला प्रश्न येतो तो ‘राहणार कुठे?’ हा. लॉज म्हटलं की विषय संपला. पण संस्थेच्या लेटरहेडवर तारखा आणि निवासाची व्यवस्था असं लिहिलेलं पत्र आलं, ते वडिलांच्या हातात दिलं, की बोलणं पुढे सरकतं. एका मुलीचे काका सोबत आले, जागा पाहून दुसऱ्या दिवशी निर्धास्त परत गेले. रात्रीच्या शिफ्टला दोघीजणी असाव्यात असं मी सुरुवातीपासून पाहते आणि अर्ज करतानाच दोन नावं देते. दोघींचा खर्च मंजूर होईल का, हे आधी ईमेलने विचारून घ्यावं. इंदूरला आणखी एक बरं, होळकरांचं गाव असल्याने मराठी बोलणारी घरं पुष्कळ आहेत. परमुलुखात आल्यासारखं मुलींना वाटत नाही.

मुंबईचा रिवाज वेगळा. भाभा अणुसंशोधन केंद्रात आत जायचं म्हणजे प्रवेशपरवानगी आधी काढावी लागते आणि तिला वेळ लागतो. ओळखपत्राच्या प्रती, कॉलेजचं पत्र, सगळं पुरेसं आधी पाठवा. नावाचं स्पेलिंग आधार कार्डावर आहे तेच सगळीकडे लिहा. वडिलांचं नाव मध्ये आहे की शेवटी, एवढ्यावरूनही गेटवर खोळंबा होऊ शकतो. मोबाइल आत नेता येत नाही. घरच्यांना ‘दिवसभर फोन लागणार नाही’ हे मुलांनी आदल्या रात्रीच सांगून ठेवावं.

पण मुंबईला खरी तयारी लागते ती सॅम्पलची. सॉल-जेल पद्धतीने फेराइट करणाऱ्यांनी हे नीट वाचावं. नायट्रेट आणि सायट्रिक अ‍ॅसिडचं जेल पेटलं की बीकर भरून फुलारलेली पावडर वर येते, बघून वाटतं किती झाली! वजन करा, दोनेक ग्रामच्या वर जात नाही. एक्स-रेला चिमूटभर पुरते. न्यूट्रॉनला नाही. व्हॅनेडियमची नळकांडी भरावी लागते आणि तीत कित्येक ग्राम पावडर बसते. व्हॅनेडियमच का, तर न्यूट्रॉनसाठी आलेखात त्या धातूची स्वतःची शिखरं जवळजवळ नसतात. जे दिसतं ते आतल्या सॅम्पलचंच. तेव्हा पुष्कळ बॅचा कराव्या लागतात आणि सगळ्या एकसारख्या आहेत हे प्रत्येकीचा एक्सआरडी (एक्स-रे डिफ्रॅक्शन) काढून पाहावं लागतं, नाहीतर मोजमाप होतं ते खिचडीचं. मोजायलाही तासन्‌तास लागतात. अणुभट्टी तिच्या वेळापत्रकाने चालते, आपल्या परीक्षांच्या नाही. आम्ही विद्यापीठाच्या परीक्षांच्या तारखा अर्जातच लिहून टाकल्या होत्या, त्याचा उपयोग झाला.

बिलांविषयी. पैसे सहसा नंतर मिळतात: आधी आपण खर्च करायचा, मग फॉर्म, तिकिटं आणि बँकेचा तपशील जोडून पाठवायचा. कुठल्या वर्गाचं भाडं मिळेल ते नियमाने ठरलेलं असतं. निघण्याआधी विचारा, आल्यावर नको. एस.टी.चं आणि खासगी बसचं मशीनमधून निघणारं तिकीट थर्मल कागदावर असतं. खान्देशातल्या उन्हाळ्यात ते पाकिटात ठेवलं तर काही आठवड्यांत कोरं होतं. उतरल्या उतरल्या झेरॉक्स काढून मूळ तिकीट त्याला स्टेपल करा, फोटोही ठेवा. माझ्या एका विद्यार्थ्याचं बिल दुसऱ्याच एका ठिकाणी (नाव घेत नाही, सीएसआरशी त्याचा संबंध नाही) तिकिटावरची अक्षरं उडाली एवढ्या कारणाने महिनोन्‌महिने अडकलं. रक्कम थोडी होती, पण त्याने ती उसनवार करून उभी केली होती आणि उसने देणारा दर आठवड्याला विचारत होता. तेव्हापासून जिथे जिथे विद्यार्थ्यांना बोलावलं जातं तिथे तिथे निम्मं भाडं आगाऊ द्यावं, असं माझं ठाम म्हणणं आहे. नोकरीतल्या माणसाला प्रवासाची उचल मिळते. ज्याला पगारच नाही त्याला का मिळू नये?

आता कापलेला अर्धा गुण. अशा योजनांमध्ये, फक्त सीएसआरच्या नाही, प्रवासाचा विचार मोजमापाभोवती होतो. सॅम्पल घेऊन या, डेटा घ्या, जा. पण आमच्यासारख्या कॉलेजांत डेटा घेऊन परतलेल्या मुलीपुढे खरी अडचण तिथून पुढे सुरू होते. फुलप्रॉफ या सॉफ्टवेअरमध्ये रिटव्हेल्ड विश्लेषण, म्हणजे मोजलेल्या आलेखाशी स्फटिकाच्या रचनेचं गणित जुळवणं, करायला बसली की शिकवणारं जवळ कोणी नाही. पुण्याला, मुंबईला शेजारच्या लॅबमध्ये कोणीतरी असतं. आमच्या शेजारी कॉमर्सचा वर्ग आहे. मुंबईच्या फेरीत तिथले शास्त्रज्ञ एका दुपारी तिच्याजवळ बसले आणि ए साइटची ऑक्युपन्सी (तिथे कोणता अणू किती) आणि तापीय कंपनाचा पॅरामीटर एकदम मोकळे का सोडायचे नाहीत, दोघं एकमेकांत कसे मिसळतात, हे तिच्याच डेटावर दाखवलं. आधी एक पक्कं धर, दुसरं सोड, आलेख पाहा, मग उलट कर. त्या एका दुपारने तिच्या प्रबंधातलं अडलेलं प्रकरण सुटलं. फाइल तशीच घेऊन आली असती तर मी आणि ती मिळून कितीतरी महिने चाचपडत बसलो असतो. म्हणून माझी मागणी अशी: जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या ठिकाणाहून येणाऱ्या विद्यार्थ्याला मोजमापानंतर आठवडाभर राहून विश्लेषण शिकण्याचे दिवस मुद्दाम मंजूर करावेत. आणि प्रकल्प लिहिण्याआधी एकदा, सॅम्पलशिवाय, नुसतं भेटून बोलायला येण्याचं भाडंही द्यावं. बीमचा एक तास वाया जाण्याची किंमत त्या भाड्यापेक्षा कितीतरी जास्त आहे.

बाहेर हे कसं करतात पाहा. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाची एससीजीएसआर नावाची योजना आहे. तीत पीएच.डी. करणारा विद्यार्थी ३ ते १२ महिने एखाद्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत जाऊन राहतो, तिथल्या शास्त्रज्ञाबरोबर आपल्याच प्रबंधाचा एक भाग करतो, आणि त्याच्या एरवीच्या खर्चाला जोड म्हणून दरमहा रक्कम आणि प्रवासखर्च मिळतो. त्यांच्या नागरिकांसाठी आणि कायमच्या रहिवाशांसाठीच आहे ती, पण घडण पाहण्यासारखी आहे: तिथे मुक्कामाला किंमत आहे. आपल्याकडेही परदेशी यंत्रांसाठी चांगलं उदाहरण आहे. हॅम्बुर्गच्या डेझी या प्रयोगशाळेतल्या पेट्रा-३ सिंक्रोट्रॉनवर प्रयोग करायला भारतीय गटांना विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या पैशातून जाता येतं, बंगळूरची जेएनसीएएसआर ही संशोधन संस्था ते पाहते. जपानमधल्या त्सुकुबाच्या फोटॉन फॅक्टरी या सिंक्रोट्रॉनवरही भारतीय बीमलाइन उभी राहिली. हॅम्बुर्गला जाणाऱ्याचं विमानभाडं देता येतं, तर सेंधव्यावरून येणाऱ्या मुलीला इंदुरात एक आठवडा जास्त ठेवणं अवघड नसावं.

सहयोगी संशोधन प्रकल्प, म्हणजे सीआरएस, हा या सगळ्यातला सर्वांत भक्कम मार्ग. त्यात तुमच्या बरोबर सीएसआरमधला शास्त्रज्ञ सहभागी असतो, प्रकल्प काही वर्षं चालतो आणि जाणं-येणं त्याच्याच आधाराने होतं. एकट्या प्रयोगापुरता अर्ज करण्यापेक्षा माझा कल याकडे आहे, कारण ओळख टिकते, दुसऱ्या फेरीला मुलांना नव्याने काही सांगावं लागत नाही, आणि मागचं सॅम्पल का फसलं हे समोरच्याला आठवत असतं.

कॉलेजच्या बाजूने एक सांगते. प्राध्यापकाने सोबत जायचं तर ड्यूटी लीव्ह लागते आणि ऑफिसात ‘सीएसआर’ म्हटलं की कंपन्यांचा निधी समजतात. अर्जाला संस्थेचं पूर्ण नाव लिहा, निमंत्रणपत्राची प्रत जोडा, तुमचे तास कोण घेणार त्यांची सही आधीच घ्या. आमच्या प्राचार्यांनी त्यानंतर कधी अडवलं नाही.

नव्याने अर्ज करणाऱ्यांचं घोडं बहुतेक वेळा सहयोगी शास्त्रज्ञाच्या रकान्यात अडतं, ‘आमची तिथे कुणाशी ओळख नाही’ म्हणून. ओळख लागत नाही. तुमच्या पदार्थावरचे अलीकडचे भारतीय पेपर काढा, शेवटचा आभाराचा परिच्छेद वाचा; कुठली बीमलाइन, कुठलं केंद्र, मोजमापाला कोणी मदत केली हे तिथे मिळतं. त्यांना छोटं ईमेल लिहा. पदार्थ कुठला, प्रश्न कुठला, तो घरच्या एक्स-रेने का सुटत नाही, एवढंच. सोबत एक्सआरडीचा आलेख जोडा आणि सॅम्पल किती ग्राम तयार आहे ते लिहा. ग्राम लिहिलेल्या ईमेलला आम्हाला लवकर उत्तर आलेलं आहे.